खांद्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन: सगळं अडलं एका आकड्यावर

सारखा उतरणाऱ्या खांद्यासाठी मिरजेत माझ्यापुढे तीन पर्याय ठेवले गेले. दुर्बिणीतून बँकार्ट, म्हणजे सुटलेलं लेब्रम (खांद्याच्या वाटीभोवतीची मऊ कड) अँकर, म्हणजे हाडात बसवायच्या दोरा धरणाऱ्या बारीक खुंट्या, लावून वाटीच्या कडेला परत शिवायचं. बँकार्टला जोडून रेम्प्लिसाज, म्हणजे दंडाच्या हाडाच्या गोळ्याला मागून पडलेल्या खळग्यात तिथलाच स्नायूबंध शिवून तो बुजवायचा. तिसरं लातार्जे: खांद्यापुढच्या कोराकॉइड हाडाचा तुकडा स्नायूसकट कापून वाटीच्या पुढच्या कडेला बसवायचा, बहुधा दोन स्क्रूंनी. हे दुर्बिणीतूनही होतं, पण बहुतेक ठिकाणी उघडूनच करतात.

एक्स-रे, एमआरआय, रक्त, फिटनेस, सगळं सुरळीत. सीटीच्या रिपोर्टवर मात्र गाडी अडली आणि तो राग अजून गेलेला नाही.

रिपोर्टात 'वाटीची पुढची कड झिजलेली, हिल-सॅक्स (गोळ्यावरचा तो खळगा) आहे' एवढंच. किती झिजली? टक्का नाही, मिलिमीटर नाही. अहो, निवड त्यावरच तर ठरते! झीज २० ते २५ टक्क्यांपुढे असेल तर नुसतं शिवून भागत नाही, हाड लावावं लागतं. १३.५ टक्क्यांच्या पुढेही बरेच सर्जन सावध होतात, त्यातून पेशंट तालमीतला किंवा कबड्डीवाला असेल तर जास्तच. काउंटरवर उत्तर मिळालं, "डॉक्टरांना फिल्म बघून कळतं." फिल्मवर गोळा वाटीसमोरच बसलेला, कड दिसणार कुठून?

वर पुन्हा स्कॅन करा, पुन्हा पैसे भरा. मुळीच गरज नसते. सीडीवर मूळ डायकॉम डेटा (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइली) असला आणि स्लाइस, म्हणजे स्कॅनचे काप, १ मिमी किंवा त्याहून पातळ असल्या, तर त्याच स्कॅनमधून कॉम्प्युटरवर गोळा काढून टाकून वाटी समोरून दाखवता येते. तिच्या खालच्या भागावर नेमकं बसेल असं वर्तुळ काढतात. समजा व्यास २६ मिमी आणि पुढून ४ मिमी कड गेलेली, तर झीज साधारण १५ टक्के. पुढचं गणित: २६ चे ८३ टक्के म्हणजे २१.६, त्यातून ४ वजा, उरले १७.६ मिमी. गोळ्यावरच्या स्नायूबंधाच्या कडेपासून खळग्याच्या आतल्या टोकापर्यंतचं अंतर याहून जास्त भरलं, तर खळगा वाटीच्या कडेवर अडकून खांदा उतरू शकतो. याला ऑफ-ट्रॅक म्हणतात. तिथं नुसत्या बँकार्टचा भरवसा धरू नये, रेम्प्लिसाजचं विचारावं. त्याने हात बाहेर फिरवणं थोडं कमी होऊ शकतं, बॉलिंग करणाऱ्यांनी हे आधीच बोलून घ्यावं.

म्हणून सीटीच्या चिठ्ठीवरच डॉक्टरांकडून लिहून घ्या: 'थ्रीडी, गोळा वगळून वाटी समोरून, झीज टक्क्यांत.' दोन्ही खांदे एकाच स्कॅनमध्ये घेतले तर चांगला खांदा तुलनेला मिळतो.

अँकर किती लागतील तेही विचारा. बँकार्टला तीन तरी लागतात, बरेच जण चार लावतात. कॅशलेसच्या अंदाजपत्रकात दोनच धरले असतील तर वरचे खिशातून जाण्याची शक्यता. अँकरचे स्टिकर आणि बिल फाइलला लागलेत का, ते डिस्चार्जच्या आधी बघा.

लातार्जे ठरलं तर तंबाखू-सिगारेट आधीच बंद, हाड जुळायला अडथळा येतो. हात गळ्यात अडकवायचा पट्टा साधारण तीन ते सहा आठवडे. कुस्ती-कबड्डी सहा महिन्यांच्या आत नाहीच, आणि तेही ताकद तपासून सर्जननं हो म्हटल्यावर.