कुठली वायर कुठे : आमची वाटचाल

ऑफिसांतले संगणक वायरींनी जोडून देणारी आमची फर्म सुरू झाली २००३ साली, पण आपला धंदा नेमका कशाचा आहे हे कळायला २००५ चा पाऊस यावा लागला. त्याआधीची दोन वर्षं मी आणि माझा मेहुणा लॅमिंग्टन रोडवरून माल उचलायचो. केबलची पेटी खांद्यावर, क्रिम्पिंग टूल सॅकमध्ये, आणि मुंबईभर ऑफिसांत वायरी ओढत हिंडायचं. (पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावानं पत्ता विचारलात तर तिथला दुकानदारही जरा थांबतो.) पैसे पॉइंटमागे, म्हणजे एकेका संगणकाच्या जोडणीमागे मिळायचे. संगणकावर नेट आलं की सही घ्यायची आणि पुढची साईट गाठायची. कुठला पॉइंट स्विचच्या (ऑफिसातल्या सगळ्या वायरी येऊन मिळतात तो डबा) कितव्या पोर्टात (वायर खुपसायच्या खाचेत) गेलाय ते मेहुण्याच्या डोक्यात असायचं, आणि मेहुण्याचं डोकं तेव्हा शाबूत होतं.

२६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कलिन्याला आमच्या एका गिऱ्हाइकाचं ऑफिस तळमजल्यावर होतं, रॅक (स्विच बसवायचं कपाट) अर्ध्याच्या वर पाण्यात गेला. पाणी ओसरल्यावर विम्याचे सर्व्हेअर आले आणि म्हणाले, "यादी द्या. मॉडेल, सिरियल नंबर." आमच्या बिलावर काय, तर '२४ पोर्ट स्विच, ३ नग'. मग मी जुना टूथब्रश घेऊन स्विचच्या पाठीवरचा गाळ खरवडत बसलो. दोन नंबर लागले. तिसऱ्याचं स्टिकर ब्रशबरोबर निघून आलं. त्या स्विचचा क्लेम अडकला आणि गिऱ्हाइकानं तेवढी रक्कम आमच्या बाकीतून कापली. चूक त्यांची की आमची, यावर आजही मेहुण्याशी वाद होतो.

त्याच आठवड्यात काळबादेवीतून लाल कापडी बांधणीची वही आणली. साईट, मजला, रॅक, मॉडेल, सिरियल नंबर, खरेदीची तारीख, आणि खाली एकेका पोर्टाची ओळ. पुढे वहीची एक्सेल झाली, दुखणं मात्र तेच राहिलं. वहीतलं नेटवर्क आणि रॅकमधलं नेटवर्क महिन्याभरात वेगवेगळ्या वाटांनी जायला लागतं. कुणाची तरी खुर्ची हलते, कुणी तरी "इथे पोर्टाची लाईट येत नव्हती" म्हणून पॅच कॉर्ड (जोडणीची छोटी वायर) काढून शेजारच्या पोर्टात खुपसतो, आणि ते कुणी कुणाला सांगत नाही.

अंधेरीच्या एका साईटवर मी रिकामे पोर्ट बंद करायला घेतले. रिकामा पोर्ट चालू ठेवायचा म्हणजे उघडं दार, कुणीही येऊन लॅपटॉप लावावा. सतरा नंबरच्या पोर्टाला एक्सेलमध्ये काही नाव नव्हतं, स्विचच्या मॅक टेबलातही (कुठल्या पोर्टावर कुठलं यंत्र बोलतंय याची स्विचनं ठेवलेली यादी, यंत्राचा पत्ता म्हणजे मॅक) काही दिसत नव्हतं. लाईट होती, पण म्हटलं असेल पलीकडे एखादं मरून पडलेलं यंत्र. केला शट. अकरा दिवसांनी, पगाराच्या वेळी, एच.आर.च्या मॅडमचा फोन आला की कुणाचीच हजेरी येत नाहीये. ते हजेरीचं मशीन होतं. दिवसभर गप्प बसायचं आणि रात्री सर्व्हरनं हाक मारली की तेवढं बोलायचं. स्विच मात्र पाच मिनिटं गप्प बसलेल्याचं नाव टेबलातून पुसून टाकतो. नशीब, ठसे मशीनच्या पोटात शिल्लक होते. पगार एक दिवस उशिरा झाले आणि मॅडम आमच्याशी वर्षभर तुटक बोलल्या.

दुसरा फटका याहून मोठा. फोर्टातली जुनी इमारत, चौथ्या मजल्यावर स्विच. गिऱ्हाइकाला तिथे सीसीटीव्हीसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच वायरींवरचा वेगळा कप्पा) हवा होता, नंबर ३०. शनिवारी रात्री डोंबिवलीत घरी जेवून लॅपटॉप उघडला. खालच्या मजल्याकडे जाणाऱ्या ट्रंकवर (दोन स्विचना जोडणारी, सगळे व्हीलॅन वाहून नेणारी वायर) तीस नंबर वाढवायचा, एका ओळीचं काम. त्या कमांडमध्ये 'ॲड' हा शब्द असतो. तो घातला तर आधीच्या यादीत भर पडते, विसरलात तर आधीची सगळी यादी जाते आणि उरतो फक्त नवा. मी विसरलो. एंटर मारला आणि कर्सर थिजला. ज्या व्हीलॅनवरून मी स्विचपर्यंत पोचलो होतो, तोच मी कापून टाकला होता. बसल्या फांदीवर कुऱ्हाड!

बायको म्हणाली, सकाळी जा. पण रविवारी सकाळी सातला त्यांचे साहेब परदेशातून कॉलवर येणार होते. मिळाली ती लोकल पकडून सीएसटी गाठलं आणि चालत गेलो. वॉचमन साताऱ्याचे, ओळखीचे. "एवढ्या रात्रीचं काय काढलंत साहेब?" म्हणत त्यांनी जिना उघडून दिला. वर जाऊन मी केलं काय, तर स्विचची पॉवर केबल काढली, दहापर्यंत मोजलं आणि परत लावली. बदल मी सेव्ह केलेला नव्हता, त्यामुळे स्विच जुन्या कन्फिगनं, म्हणजे जुन्या सेटिंगनं उठला आणि सगळं जागच्या जागी आलं. सेव्ह केलं असतं तर कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडायची वायर) लावून बसावं लागलं असतं, आणि ती मी घरी विसरलो होतो.

तेव्हापासून आमच्याकडे एक रिवाज आहे. लांबून ट्रंकला हात लावण्याआधी 'रीलोड इन १०' द्यायचं, म्हणजे दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट. काम नीट झालं तर तो रद्द करायचा आणि मगच सेव्ह. फसलं तर दहा मिनिटं चहा पीत बसायचं, स्विच स्वतःच पूर्वपदावर येतो. सिस्को कंपनीच्या स्विचवर हे सरळ जमतं, इतरांवर त्या-त्या कंपनीच्या तऱ्हेनं.

एक्सेल सुटली ती आमच्याकडे लागलेल्या एका मुलामुळे. त्यानं गिऱ्हाइकाच्याच अडगळीतला डेस्कटॉप घेऊन त्यावर लिबरेएनएमएस टाकलं. फुकटातलं सॉफ्टवेअर. दर पाच मिनिटांनी ते स्विचला एसएनएमपीवरून (नेटवर्कच्या यंत्रांची लांबून विचारपूस करायची ठरलेली पद्धत) विचारतं, कुठला पोर्ट चालू, किती वेगानं, कुठल्या व्हीलॅनमध्ये, पलीकडे कोण. स्विच शेजाऱ्याची ओळख एलएलडीपी नावाच्या पद्धतीनं आपणहून सांगतात, त्यामुळे कोण कुणाला जोडलंय याचा नकाशाही निघतो. मी आधी नाक मुरडलं, कारण एसएनएमपीचा पासवर्ड बहुतेक ठिकाणी कारखान्यातून आला तसा 'पब्लिक' असतो. तो सगळीकडे बदलून, जिथे जमलं तिथे एसएनएमपीचं जास्त सुरक्षित व्हर्जन तीन लावून मगच होकार दिला.

पहिल्याच आठवड्यात अकाउंट्सच्या एका पोर्टावर सात मॅक पत्ते दिसले. एका टेबलावर सात माणसं बसत नाहीत. जाऊन पाहिलं तर टेबलाखाली, जुन्या फायलींच्या मागे, आठ पोर्टांचा साधा डबा. कुणी तरी स्वतःच्या खिशातून आणून लावलेला आणि त्याच्यावर चपला ठेवलेल्या. त्या भागातलं नेट मधूनच का रांगतं, हे कोडं आम्ही तीन वर्षं केबलमध्ये शोधत होतो.

गिऱ्हाइकाला मात्र या कामाचे पैसे द्यायला जड जातं. नवा स्विच डोळ्यांना दिसतो, यादी दिसत नाही. २०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली आणि आम्ही घरी बसून पोर्ट बदलून देत होतो, तेव्हा काहींना पटलं. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा निर्देश आला, १८० दिवसांचे लॉग (यंत्रांच्या नोंदी) ठेवा, घटना घडली तर सहा तासांत कळवा. त्यानंतर ऑडिटवाले आधी उपकरणांची यादीच मागायला लागले. आता एएमसीच्या (वर्षभराच्या देखभाल कराराच्या) कोटेशनमध्ये ती वेगळी ओळ असते. घासाघीस अजूनही तिच्यावरच होते.

आज आम्ही पाच जण आहोत. लाल वही संपली, दुसरी आणली. सॉफ्टवेअर असूनही प्रत्येक रॅकच्या दारावर आतून एक कागद चिकटवलेला असतो, कारण स्विच मेला की सॉफ्टवेअरला तरी कोण सांगणार.

फोर्टातल्या त्याच चौथ्या मजल्यावर तेवीस नंबरचा पोर्ट आहे. लाईट लागलेली असते, वायर एका जुन्या शाफ्टात शिरते आणि पुढे कुठे जाते ते इमारतीत कुणालाच ठाऊक नाही. मॅक महिन्यातून एखाद्या वेळी दिसतो, बनवणारी कंपनी कळते, त्यापुढे काही नाही. स्विचला मराठी अक्षरं चालत नाहीत, म्हणून डिस्क्रिप्शनमध्ये रोमन लिपीत लिहून ठेवलंय, 'बंद करू नये'. मागच्या महिन्यात नव्या पोरानं विचारलं, शट करून बघू का, कुणाचा फोन येतो ते? म्हटलं, पगार होऊ दे आधी.