पावट्याला वेळेवर झोपवावं लागतं

यंदाच्या हंगामाचा हिशोब पावट्यापासून सुरू करते, कारण गच्चीवरचा खरा प्रयोग तोच होता. भेंडी, टोमॅटो, माठ नेहमीचेच आहेत, त्यांचं ओघात येईल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आमचं घर स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहराला उत्तरेकडून चिकटलेल्या अल्बोरायात. वर ऐसपैस गच्ची, तिच्या कोपऱ्यात बिनखिडकीची अडगळीची खोली, आणि कठड्यावरून खाली पाहिलं की चुफाची, म्हणजे लव्हाळ्याच्या जातीच्या एका खायच्या गाठीची, शेतं. समुद्र जवळ असल्यामुळे थंडीचा कडाका असा नसतोच. त्यामुळे इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला पहिल्या वर्षी वाटतं की आता आपल्याकडचं सगळं इथे पिकणार. ऊन तर आपल्यासारखंच! ऊन आहे खरं, पण दिवस आपल्या मापाचा नाही, आणि आपल्या वेलींचं निम्मं गणित दिवसाच्या लांबीवर चालतं.

सांगली 17 अक्षांशाच्या आसपास, व्हॅलेन्सिया साडेएकोणचाळीसवर. जूनमध्ये सांगलीचा दिवस 13 तासांच्या जरासा वर जातो, इथला जवळजवळ 15 तासांचा असतो. डिसेंबरात उलट, सांगलीला 11 तास तर इथे साडेनऊच्याही आत. पावट्याच्या जुन्या गावरान जाती पक्क्या लहान दिवसाच्या. गावी मृगात टोका नाहीतर श्रावणात, फुलणार ते दिवस आखडल्यावरच. इथे मेमध्ये लावला की वेल सगळा उन्हाळा नुसता माजतो, कठडा ओलांडून शेजाऱ्याच्या दोरीवर जातो, आणि फुलं म्हणाल तर ऑक्टोबरात. तोवर रात्री गार पडायला लागतात आणि शेंगा भरता भरत नाहीत.

गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये हेच छापून दाखवलं होतं. मेरीलँड मॅमथ नावाचा तंबाखू भर उन्हाळ्यात फक्त उंच वाढायचा. त्यांनी कुंड्या रोज काही तास अंधाऱ्या खोपटात ठेवून दिवस लहान केला, आणि तंबाखू फुलला. माझा प्रयोग ही त्यांचीच नक्कल, फक्त तंबाखूच्या जागी आमटी.

मे-जून

बी दुकानातलंच. शहरातल्या एका देशी वाणसामानाच्या दुकानात अख्खा सुका पावटा मिळतो. रात्रभर भिजवला, फडक्यात बांधून मोड आणले, टपोरे मोड आलेले बाजूला काढले आणि उरलेल्यांची उसळ केली. गावाहून येताना पिशवीत बी आणायचा सल्ला मी कुणाला देत नाही. 14 डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या बियांना आणि रोपांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, प्रवाशाच्या सामानातल्यासुद्धा. कढीपत्त्याचं रोप तर विचारूच नका. लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड त्याच्यावर पोसली जाते, आणि इथला निम्मा मुलूख संत्र्यांवर जगतो.

दोन टब केले. एक कठड्याला टेकवून मोकळा सोडला. दुसऱ्याला खाली चाकं लावली, वेलाला तिकाटणं उभं करून दिलं आणि शेंडे खुडून तो आटोपशीर ठेवला. जूनच्या मध्यापासून चाकांचा टब संध्याकाळी साडेसातला अडगळीच्या खोलीत आणि सकाळी साडेआठला बाहेर. म्हणजे 11 तासांचा दिवस. खोलीच्या दाराखालून उजेडाची तिरीप यायची, तिथे जुनी गोधडी कोंबली. हे महत्त्वाचं आहे. लहान दिवसाची झाडं खरं तर अखंड अंधार मोजतात, मध्येच दिवा लागला तर केलं-सवरलं पाण्यात जाऊ शकतं. म्हणून त्या खोलीचा बल्बच काढून ठेवला. इस्त्रीची फळी हवी असली की घरातली मंडळी चाचपडत जात आणि मला शिव्या घालत.

शेजारच्या गच्चीवर एक आजोबा असतात, आयुष्यभर चुफा पिकवलेले. त्यांनी दोनचार संध्याकाळी हा रथोत्सव पाहिला आणि मग न राहवून विचारलं, "शेंगांना झोपवून आलीस का?" मी म्हटलं, "हो, तुम्हीही झोपा आता." त्यावर ते म्हणाले, "मी अजून जेवलो कुठे?"

यात स्पेनच्या घड्याळाची एक गंमत आहे. ग्रीनिचची रेषा व्हॅलेन्सियाच्या अगदी जवळून जाते, पण 1940 पासून देशाचं घड्याळ मध्य युरोपाच्या वेळेवर चालतं आणि उन्हाळ्यात आणखी तासभर पुढे जातं. त्यामुळे जूनमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी दोनला, आणि मावळतो साडेनऊला. लोक इथल्या अडीच वाजताच्या जेवणाला हसतात, पण सूर्याच्या हिशोबाने ते आपल्या साडेबाराच्याच जेवणाला बसलेले असतात. बागकाम करणाऱ्याने तेवढं ध्यानात ठेवावं: "सकाळी अकरापर्यंतचं कोवळं ऊन" इथे खरोखर कोवळं असतं, आणि संध्याकाळी सहाला रोपं बाहेर लावलीत तर ती करपतात. मी लावणी रात्री नऊनंतर करते. दुकानं दोन ते पाच बंद, तेव्हा खत-माती आणायची तर सकाळी नाहीतर संध्याकाळी.

जुलै-ऑगस्ट

जुलै संपताना झोपणाऱ्या टबात पहिला तुरा दिसला. पानाच्या बगलेतून वर आलेला बारीक हिरवट दांडा, त्यावर गाठीगाठीला जांभळट कळ्या. मोकळ्या टबात तेव्हा फक्त पाला, तोही तिप्पट. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अगं, आषाढात पावटा? आणि फुललाय?" तिला अंधाऱ्या खोलीचं सांगितलं तर म्हणे नसते उद्योग.

तिचं पुरतं चुकीचं नव्हतं, कारण फुलं आली तरी ऑगस्टात ती गळाली. पोनिएंते सुटला होता. हा पश्चिमेकडून, पठारावरून येणारा कोरडा वारा. एरवी समुद्रावरच्या दमट वाऱ्यात 31-32 अंश असलेलं हे गाव त्याच्यामुळे दुपारपर्यंत 40 वर जातं. भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटतं. अशा हवेत पावटाच काय, टोमॅटोही धरत नाही. महिना सरताना हवा निवळली आणि मग दुसऱ्या फुटव्याच्या तुऱ्यांना शेंगा लागल्या. सप्टेंबरात दोनदा आमटी आणि एकदा पावटेभात झाला. मोकळा टब ऑक्टोबरात फुलला, ठरल्याप्रमाणे. एवढ्या खटाटोपाला एवढंच उत्पन्न, हे मान्य. पण सूत्र बरोबर निघालं.

भेंडीला यातलं काही लागत नाही. क्लेमसन स्पाइनलेस ही जात इथे सहज मिळते. एप्रिल संपताना माती ऊबदार झाली की बी टाकायचं, जुलैपासून दिवसाआड तोडायची. पोनिएंतेतही ती ताठ उभी होती. आजोबांनी काचऱ्या चाखल्या आणि त्या चिकट कशा नाहीत हे तव्यात वाकून तपासलं.

माठ झकास. लाल माठ तर एवढा की वाटून संपेना. मेथी आणि कोथिंबीर मात्र मेनंतर पेरायच्या फंदात पडू नका. लांब दिवस आणि ऊन मिळून आठवड्याभरात दांडे फुटतात. दोघींचा काळ ऑक्टोबर ते मार्च, आणि तेव्हा इथली कोथिंबीर अशी घमघमते की नाव घ्यावं.

टोमॅटोवर पुन्हा तूता. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: साध्या नागअळीची रेघ पानावर बारीक आणि वळणावळणाची असते. तूता अ‍ॅब्सोल्यूटाची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर खाते, त्यामुळे रुंद, पांढरट, पारदर्शक चट्टा पडतो, आणि उजेडाला धरला की आत काळी विष्ठा आणि बहुधा अळीही दिसते. मूळची दक्षिण अमेरिकेची ही कीड स्पेनमध्ये 2006 ला उतरली आणि 2014 मध्ये महाराष्ट्रातल्या टोमॅटोवर सापडली, तेव्हा नारायणगाव-नाशिककडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. दक्षिण स्पेनमधल्या अल्मेरियाच्या हरितगृहांत तिच्यावर नेसिडिओकोरिस हा हिरवा सडपातळ ढेकण्या सोडतात, तो तिची अंडी खातो. गच्चीवर तो आपोआप आलेला दिसला म्हणून मी फवारणी थांबवली. भक्ष्य संपलं की तो टोमॅटोच्या कोवळ्या दांड्यांना तपकिरी कड्या पाडतो, पण तेवढं भाडं द्यायला हरकत नाही.

पाण्याचं काय

इथलं नळाचं पाणी कमालीचं जड. चहाच्या भांड्यात पांढरा थर बसतो, आणि ठिबकच्या तोट्या व्हिनेगरात बुडवून साफ कराव्या लागतात. कुंड्यांत चुना साठत गेला की झाडाला लोह उचलता येत नाही: कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मिरच्यांवर हे आधी दिसतं. साधं हिराकस अशा मातीत उपयोगाचं नाही, ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्यावं, म्हणजे चुन्याच्या मातीतही झाडाला उचलता येईल असं बांधलेलं लोह. गडद तांबूस दाणे, हाताला लागले तर दोन दिवस डाग. पाण्यात विरघळवून संध्याकाळी घातलं की नव्या पालवीत फरक दिसतो. कुंड्यांखालच्या बश्यांत वाळू भरा, नाहीतर टायगर डास दिवसाढवळ्या फोडून काढतात.

खालच्या शेतांना मात्र नळ नाही, तुरिया नदीचे पाट. त्यातल्या आठ पाटांच्या तंट्यांचं न्यायालय दर गुरुवारी दुपारी बाराला व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलच्या दारात भरतं. काळे डगले घातलेले शेतकरी पंच, सगळा कारभार तोंडी, निकालावर अपील नाही. 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेलं हे न्यायालय बघायला पाहुणे आवर्जून जातात आणि बहुधा निराश होतात. पुकारणारा एकेका पाटाचं नाव घेतो, तक्रार कुणाचीच नसते, आणि पंच उठून जातात. आमच्या पाहुण्यांनी कॅमेरा काढेपर्यंत आटोपलं होतं.

त्या पाटांवर पिकणारा चुफा म्हणजे आपल्या लव्हाळ्याचा सख्खा चुलतभाऊ, दोघेही सायपरस. आमच्या उसात बाबांनी ज्याच्या गाठी काढता काढता कंबर मोडून घेतली, त्याच्या भावाला इथे सरी-वरंब्यावर लावतात, पाणी देतात, हिवाळ्यात गाठी काढून महिनोन्‌महिने वाळवतात आणि त्याचं दूध गाळून ओर्चाता म्हणून विकतात. बाबा आले होते तेव्हा पहिला घोट घेऊन म्हणाले, "चांगलं आहे, पण कशाचं ते गावात सांगू नकोस."

ऑक्टोबर

अल्बुफेरा या जवळच्या सरोवराकाठच्या भातकापणीनंतर पेंढा मुबलक असतो. आजोबांच्या भाच्याने दोन गाठी आणून दिल्या, मोबदल्यात भेंडीची भाजी. सगळ्या टबांवर चार बोटं जाड आच्छादन केलं. मेथी, कोथिंबीर, लसूण, घेवड्याऐवजी बाकला असं लावून झालं. बाकला इथे हिवाळ्यात काही न करता येतो.

पावट्याचं पुढे काय, तर बेंगळुरूच्या फलोत्पादन संस्थेच्या अर्का जय आणि अर्का विजय या जाती बुटक्या आहेत आणि दिवसाच्या लांबीला जुमानत नाहीत. युरोपातल्या कुणाकडे रीतसर मार्गाने त्यांचं बी आलं असेल तर कळवा, माझा रथ कायमचा थांबेल. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात खोलीत दोडका जाणार आहे. तोही लांब दिवसात मादी फुलं धरायला कुरकुरतो. गवारीचाही विचार होता, पण खोलीत टब मावतो एकच, आणि इस्त्रीची फळी बाहेर काढायला घरातून सक्त नकार आहे.