आमची वाटचाल : दिल्ली दरवाजाच्या आतलं पेटीचं दुकान

सगळ्यांना सलाम.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघाने जुन्या धंदेवाल्यांची ओळख करून द्यायचं ठरवलं आणि मला एक कागद धाडला. त्यात रकाने होते : छंद, मंडळीतली सेवा, मित्रपरिवार, व्यवसाय. मी चारही ठिकाणी ‘पेटी’, म्हणजे हार्मोनियम, एवढंच लिहिलं. कागद परत आला, ‘काका, जरा सविस्तर लिहा.’ आता लिहितोय, तर लांबलं म्हणून ओरडू नका.

दुकान नगरला, दिल्ली दरवाजाच्या आत. गावाचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालंय, पण पेटी उघडली की आतल्या फळीवर पेन्सिलीने तारीख आणि ‘नगर’ लिहायची सवय हाताला लागलीय, ती सुटत नाही. नव्या पेट्या बांधतो, जुन्या उघडतो. बाकी तबले, ढोलक्या, गिटारीच्या तारा असलं काही ठेवत नाही.

वडील मिशनच्या शाळेत मास्तर आणि रविवारी चर्चमध्ये पायपेटी वाजवणारे. अमेरिकन मिशन नगरला आलं १८३१ मध्ये, तेव्हा आमच्याकडे अमेरिकन पायपेटी असणं नवलाचं नव्हतं. वडील वाजवायचे ती व्हर्मॉन्टमधल्या एस्टी कंपनीची. आपल्या हातपेटीत भाता हवा आत कोंडून बाहेर ढकलतो, आणि अमेरिकन ऑर्गन उलटा, हवा आत ओढतो. त्यामुळे त्याचा आवाज मऊ. त्याची प्रत्येक रीड, म्हणजे सूर काढणारी पितळी जीभ, पितळेच्या चौकटीत असते आणि खाचेत सरकवलेली असते. पितळी आकडा घालून ओढली की एकटी बाहेर येते, बाकी काही खोलावं लागत नाही. तो आकडा हातात घेऊन मी सात-आठ वर्षांचा असताना पहिली रीड काढली. माझ्या छंदाचा रकाना तिथे भरला.

आमच्या उपासनेत एक गीत विलायती चालीवर, चार आवाजांत, आणि त्याच्या पाठोपाठ टिळकांचं भजन तबल्यावर. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरात राहून अभंग-ओव्यांत ख्रिस्तगीतं लिहिली. तेव्हापासून आमच्या पेटीवाल्याला दोन्ही हात दोन तऱ्हांनी चालवावे लागतात. एका गीतात डाव्या हाताने तीन-तीन पट्ट्या एकदम दाबा, पुढच्यात तोच हात भात्यावर ठेवा. हे ज्याला जमतं त्याला पेटीतलं दुखणं लवकर ऐकू येतं, असा माझा अनुभव आहे. संगीत विशारदांना राग आला तर येऊ दे.

पुण्यात एका जुन्या कारागिराकडे उमेदवारी केली आणि १९८४ मध्ये दुकान टाकलं. भागीदार चाचा. लाकूड त्यांचं, सूर माझे. चाचा सर्जेपुऱ्यातले, मूळचे फर्निचरचे सुतार. सागवानाची फळी घेतली की आधी बोटाने टकटक करून कानाशी धरायचे. पुरेशी वाळली नसेल तर माळ्यावर टाकून द्यायचे आणि गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी खाली काढायचे नाहीत. भात्याची घडी त्यांनी कधी फेव्हिकॉलने चिकटवली नाही. सरस पाण्यात भिजत घालून मंद आचेवर वितळवायचे, दुकानात जनावराच्या कातड्याचा वास सुटायचा, शेजारचे किराणावाले बोंबलायचे. पण सरसाने चिकटवलेलं वीस वर्षांनी ऊब देऊन सोडवता येतं, फेव्हिकॉलचं फाडावं लागतं. पुढच्या कारागिराची सोय बघून बांधणारी माणसं आता राहिली नाहीत.

माझं हत्यार म्हणजे करवतीच्या मोडक्या पात्याचा घासून केलेला तुकडा, दुसऱ्या टोकाला सुतळी गुंडाळलेला. रीडच्या पितळी जिभेखाली पातळ पत्ती सरकवायची आणि खरवडायचं. टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. जास्त खरवडलं तर जीभ कमजोर होते आणि ती रीड गेलीच समजा. खरवडताना पितळ तापतं आणि तापलेला सूर खोटं बोलतो, म्हणून एक रीड हातावेगळी केली की ती थंड होईपर्यंत दुसरी घ्यायची. घाईने लावलेली पेटी दुसऱ्या दिवशी सकाळी उघडी पडते.

मित्रपरिवाराच्या रकान्यात पहिलं नाव बुवांचं. नेवाशाकडचे कीर्तनकार. पहिल्यांदा आले ते नेमके रविवारी. दुकान बंद. कुणीतरी सांगितलं, मास्तर, म्हणजे मी, चर्चमध्ये असतात. तर हे धोतर, फेटा, गळ्यात माळ, सरळ येऊन शेवटच्या बाकावर बसले आणि आशीर्वाद होईपर्यंत हलले नाहीत. मंडळी माना वळवून वळवून बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘रामकृष्ण हरी. पेटी चांगली लावलीय. पण आमच्या पेटीतला गंधार खुपतो, त्याचं काय करता?’

त्यांचं बरोबर होतं. पेटीत बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे गंधार, म्हणजे सा-रे-ग मधला ग, गळ्यातल्या नैसर्गिक गंधारापेक्षा चढा राहतो. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर १४ भाग चढा. याच कारणाने जाणकारांनी पेटीला नावं ठेवली. आकाशवाणीने तर १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दारातच उभं केलं नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स साहेबांनी श्रुतींची, म्हणजे बारापेक्षा जास्त बारीक सुरांची, पेटी काढून बघितली, पण ती घरोघरी गेली नाही. बुवा काळी चारमध्ये गायचे, चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा, म्हणजे त्यांचा गंधार पांढरी एक. मी म्हटलं, पांढरी एक सगळ्या सप्तकांत मुळाशी खरवडून उतरवतो, पण मग ही पेटी दुसऱ्या कुणाच्या कामाची राहणार नाही. पांढरी एकचा सा धरून कुणी गायला बसला तर शिव्या देईल. बुवा म्हणाले, ‘मी काळी चार सोडणार नाही आणि पेटी कुणाला देणार नाही. उतरवा.’ उतरवली. तेव्हापासून ते माझ्याकडे ‘सलाम मास्तर’ म्हणत येतात आणि मी ‘रामकृष्ण हरी’ म्हणतो.

पुढची वीसेक वर्षं बरी गेली. सप्त्यांच्या हंगामाआधी आणि गणपतीआधी मरमर काम, नाताळाआधी चर्चच्या पेट्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग समोर दुकान आलं. नाव लिहीत नाही, नगरवाल्यांना सांगायची गरज नाही. फ्लेक्सचा बोर्ड, ‘ट्यूनिंग फ्री’. बाहेरून ट्रकने तयार पेट्या, वर हप्त्याची सोय. बाहेरच्या पेटीला माझा आक्षेप नाही, कलकत्त्याला आणि दिल्लीकडे उत्तम कारागीर आहेत. पण ह्याने आणल्या त्या ओल्या लाकडाच्या. पॉलिश असं की तोंड दिसावं, आणि पहिल्या पावसाळ्यात पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटायच्या. तोपर्यंत गिऱ्हाईकाचे निम्मे हप्ते भरलेले. एवढ्यावर थांबला असता तर धंदा म्हणून सोडून दिलं असतं. त्याने भजनी मंडळांत पसरवलं की मी भंगारातल्या रीडा घासून नव्या म्हणून बसवतो. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा पगार वाढवून नेला. पाच-सहा गावांची मंडळं, जी वर्षानुवर्षं आमच्याकडे होती, ती समोरच्या पायरीवर बसून चहा पिताना मी काउंटरवरून बघायचो. पावसाळा संपला की तीच मंडळी तीच पेटी पोत्यात गुंडाळून, समोरच्याची नजर चुकवून आमच्याकडे. मी दर वेगळा लावला. जास्त लावला. चाचा म्हणायचे, ‘जाने दो मास्तर.’ मी जाऊ दिलं नाही आणि अजून देत नाही.

भंगाराचा विषय निघालाच आहे तर दुसरं दुखणंही सांगतो. मी सामान आणायला पुण्याला गेलो असताना आमच्या पंच कमिटीने इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेतला आणि वडिलांच्या हाताखालची पायपेटी मोडक्या बाकांबरोबर भंगारवाल्याला घातली. जागा अडत होती म्हणे. परत आलो तेव्हा पेटीचं लाकूड फोडून झालं होतं. रीडा मात्र त्याने बाजूला काढल्या होत्या, पितळ म्हणून. मी त्या पितळेच्या भावाने तोलून विकत घेतल्या. हातपेटीत त्या बसत नाहीत, मापच वेगळं. तरी डब्यात ठेवल्यात. त्या कमिटीतले दोघे माझे जिवलग मित्र आहेत, अजून एकमेकांच्या घरी जेवतो, आणि दर नाताळात फराळाच्या ताटावर मी हा विषय काढतोच. कीबोर्ड माझा पुतण्या वाजवतो. चांगला वाजवतो. वीज गेली की मला हाक मारतात.

२०२० च्या मार्चमध्ये देवळं, चर्च, मशिदी सगळं बंद झालं आणि आमचा धंदा मुळापासून गेला. सप्ते नाहीत, उपासना मोबाईलवर, लग्नं घरातल्या घरात. पेटी वाजलीच नाही तर बिघडणार कशी? चाचांना दम्यामुळे घराबाहेर पडायची बंदी. त्यांचा वाटा थोडाथोडा पोचवत राहिलो, आणि त्यासाठी माळ्यावरचं त्यांनीच वाळवून ठेवलेलं सागवान एका फर्निचरवाल्याला विकलं. त्यांना कळलं तेव्हा पैशाचं काही बोलले नाहीत, ‘कौनसी फळी?’ एवढंच विचारत राहिले. दुकानाचं भाडं थकलं. मालकाने कुलूप घालायची भाषा केली.

१६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याला, प्रार्थनास्थळं उघडली. त्याच आठवड्यात बुवा पेटी घेऊन हजर. वाजवून बघितली, ठणठणीत. म्हटलं, हिला काही झालेलं नाही. म्हणाले, ‘सगळी उघडा, भाता नवा घाला, रीडा धुवा. पैसे आधी घ्या.’ मी नाही म्हणालो तर नोटा भात्याच्या घडीत खोचून निघून गेले. पाठोपाठ नेवाशाकडच्या मंडळांच्या पेट्या यायला लागल्या, प्रत्येकीचं दुखणं तितकंच खोटं. २०२१ मध्ये पुन्हा सगळं बंद झालं ते ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडलं. तोवर आम्ही त्या कामावर तगलो. समोरचा तगला नाही. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. आनंद मानू नये असं चर्चचे पाळक साहेब म्हणाले. शेजाऱ्यावर प्रीती करण्यात समोरचा दुकानदार येतो की नाही, ते मी विचारलं नाही.

आता पेटी घेणाऱ्यांसाठी चार शब्द, कुणी विचारले नसले तरी. पॉलिश बघू नका. एकही पट्टी न दाबता भाता भरा आणि हात सोडा, भाता लगेच खाली बसला तर पेटी गळतेय, उठा. रीडांना हवा सोडणारी एकेक खुंटी उघडून प्रत्येक पट्टी वेगळी ऐका, खर्ज-नर, म्हणजे जाड आणि मधल्या आवाजाच्या रीडा, एकदम लावून दाखवणाऱ्याचा हेतू तपासा. घरी जमिनीवर ठेवू नका, उंदरांना भात्याचं कातडं आवडतं. पट्टी अडकली तर तेल सोडू नका. तेल सोडलेल्या पेटीचा दरही मी वेगळाच लावतो.

चाचा आता येत नाहीत. त्यांचा नातू सुतारकाम बघतो, सरसाला नाक मुरडतो. माझा मुलगा मोबाईलवर सूर बघतो, पांढरी सहाला ४४० हर्ट्झ आलं, हिरवा दिवा लागला की झालं. काम झपाट्याने होतं, मला तक्रार नाही. बुवांची पेटी तेवढी मी त्याच्या हाताला लागू देत नाही. पांढरी एकवर त्याला लाल दिवा दिसणार, तो हिरवा होईपर्यंत खरवडणार, आणि बुवा पुढच्या एसटीने दुकानात.