बाईंचा ‘रन’

शाळेच्या कार्यक्रमाचं निमंत्रण ग्रुपवर आलं तेव्हा गॅदरिंग, कवायत, मधली सुट्टी सगळ्यावरच लिहायचं ठरवलं होतं पण लिहायला बसलो की इंग्रजीच्या बाईच समोर येतात, दुसरं काही सुचतच नाही.

मार्च १९८७, आम्ही आठवीत. गावसकरचे कसोटीत दहा हजार रन झाले त्या आठवड्यात वर्गात कोणाचंच लक्ष नव्हतं. बाईंनी पुस्तक मिटलं, फळ्यावर फक्त ‘रन’ लिहिलं आणि विचारलं, फोर गेली की कोणी धावत नाही, मग चार रन कसले? आणि लेगबायला दोघं जीव तोडून धावतात तरी बॅट्समनच्या नावावर काहीच नाही! तिथून जे सुरू झालं ते नळाचं पाणी, सर्दीचं नाक, लेट चालणारी लोकल, निवडणुकीला उभं राहणं, लोक घाबरून एकदम बँकेतून पैसे काढतात ते, सगळ्याला रन. साखर संपली तर आम्ही ‘शुगर इज फिनिश’ म्हणायचो, बाईंनी ‘वी हॅव रन आऊट ऑफ शुगर’ शिकवलं आणि ‘हॅव’नंतर रॅन नाही, रनच, हे पक्कं बसवलं. आज ऐरोलीत माझ्या टीममधल्या कॉन्व्हेंटच्या मुलांचे मेल मी यावरून दुरुस्त करतो, बाईंचं नाव सांगून.

मग प्रत्येकाने एक वाक्य लिहायचं. आमच्यातल्या एकाने लिहिलं, ‘माय फादर रन्स टू लूम्स.’ त्याचे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते पण ८२च्या गिरणी संपापासून त्यांची मिल बंदच, म्हणून मागून कोणीतरी ओरडलं, बाई, रॅन पाहिजे! बाई म्हणाल्या, त्यांना साचे चालवता येतात ना अजून? मग रन्सच राहील. तो खाली बसला तेव्हाचा त्याचा चेहरा मला आजही आठवतो.

खूप वर्षांनी वाचलं, ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९२८ला पूर्ण झालेल्या पहिल्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ची होती, नव्या आवृत्तीच्या कामात मात्र ‘रन’ पुढे गेला, नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ. कारण काय तर यंत्रं आली, गिरण्या आल्या, पुढे कॉम्प्युटर आले आणि चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीला इंग्रजीने हाच शब्द लावला. म्हणजे त्याचं साच्याचं वाक्य अगदी मोक्याचं होतं, बाईंना ते तेव्हाच कळलं होतं.

आता लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल, आपल्या मराठी माध्यमाच्या तुकड्याही कमी झाल्या, वाईट वाटतं. एका शब्दावर अख्खा तास देणारं कोणी आता असेल का माहीत नाही.

बाई कार्यक्रमाला येणार आहेत असं कळलंय. त्यांना जिना चढवत नाही, त्यामुळे सत्कार वरच्या हॉलमध्ये न ठेवता खाली पटांगणात ठेवावा ही समितीला ८९च्या बॅचतर्फे विनंती, मांडव आणि खुर्च्यांचा खर्च आम्ही करू.