तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

“परदेशी शिकायला गेल्याने नेमकं काय मिळालं? आमच्या मुलीला पाठवावं का?” गेली कित्येक वर्षं हा प्रश्न मला विचारला जातो. बहुतेकांना त्याचं उत्तर आधीच ठरवून हवं असतं. “आत्मविश्वास वाढतो, नजर मोठी होते,” एवढं मी म्हटलं की सगळे खूश होतात. मीही तेच म्हणत आले. आता ते तोंडातून निघत नाही.

फी, व्हिसा, एकटेपणा, सगळी कामं स्वतः करणं हे तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून थेट त्या मंगळवारकडे येते.

पहिल्या सत्राच्या शेवटी मी बावीस पानांचा निबंध दिला होता. त्यासाठी आठ रात्री ग्रंथालय बंद होईपर्यंत बसले होते. दहा दिवसांनी विभागाची दोन ओळींची मेल आली : मंगळवारी अकरा वाजता भेटा. मला वाटलं, निबंध आवडला असणार. हे लिहिताना आजही कान तापतात. खोलीत दोन प्राध्यापक होते आणि टेबलावर माझा निबंध होता. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पिवळ्या हायलायटरचे पट्टे, आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात पुस्तकाचं नाव नि पान क्रमांक. मी शेवटी पुस्तकांची यादी दिली होती, पण कुठलं वाक्य कुणाचं हे कुठेच सांगितलं नव्हतं. काही वाक्यं जशीच्या तशी होती, काहींतले दोन-तीन शब्द बदललेले. त्यांतल्या बाईंचा आवाज जरासुद्धा चढला नाही. निबंध माझ्याकडे सरकवून त्या म्हणाल्या, “यातलं तुमचं वाक्य कोणतं, तेवढं दाखवा.”

मी पानं उलटत राहिले. सहाव्या पानावर एक ओळ पांढरी राहिली होती. तिच्यावर बोट ठेवलं. ‘पुढील भागात याची कारणे पाहू.’

निबंधाला शून्य मिळालं, लेखी ताकीद मिळाली. पुन्हा असं झालं तर प्रवेश रद्द. त्या रात्री फोनवर आईला म्हटलं, “निबंध आवडला त्यांना.”

मला हे कुणी शिकवलं नव्हतं. मोठ्यांनी लिहिलेलं नीट वाचावं, नीट मांडावं, यालाच मी अभ्यास समजत होते. चोरी करायची म्हणून केलेली नव्हती. हे सगळं खरं आहे. पण प्रवेशाच्या वेळी दिलेल्या पुस्तिकेत तो नियम स्पष्ट छापलेला होता, आणि वाचल्याची सही माझीच होती. हे मात्र मी आज पहिल्यांदाच कबूल करते आहे.

त्या काळातल्या वहीत लिहिलंय : ‘इथली माणसं कोरडी आहेत. नियमापुढे माणूस दिसत नाही.’ त्या मुलीशी मी अजून भांडते. कोरड्या माणसाने पेन्सिल घेऊन बावीस पानांतलं एकेक वाक्य शोधून काढलं असतं का? तीही ऐकत नाही. म्हणते, मग आधी एकदा बोलावून समजावता आलं असतं. तिचंही चूक नाही.

परदेशी जाणाऱ्यांना एक आकृती हमखास दाखवतात : आधी आनंद, मग खाली घसरण, मग पुन्हा वर. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी रेषा. तिचं मूळ समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांच्या 1955च्या लेखात आहे. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या लोकांशी ते परतल्यावर बोलून त्यांनी तो लिहिला. परतल्यावर विचारलं तर मीही अशीच गुळगुळीत रेषा काढली असती. तिथे असताना माझी रेषा वर आलीच नाही, फक्त खाली जायची थांबली. दोन वह्या केल्या होत्या, एक ‘त्यांचं’, एक ‘माझं’. दुसरी सात आठवडे कोरी होती. मला काय वाटतं, हे मला ठाऊकच नव्हतं, आणि ते ठाऊक असावं लागतं हेही नव्हतं.

2018 साली अॅडम आणि सहकाऱ्यांचं एक संशोधन आलं : परदेशात राहिल्याने माणसाला आपण कोण हे अधिक स्पष्ट होतं, पण किती देशांत राहिलो यापेक्षा किती काळ राहिलो याने फरक पडतो. मला ते पटतं, कारण पाहुणीला कुणी ‘तुमचं वाक्य कोणतं’ हा प्रश्न विचारला नसता.

तरी माझ्याच वर्गातला, माझ्याहून हुशार एक जण दुसऱ्या सत्रात सोडून गेला. त्याला बोलावून घेणारं कुणी नव्हतं. मला बाईंनी पुढचं पूर्ण सत्र दर गुरुवारी अर्धा तास दिला. मग मला घडवलं कुणी, परदेशाने की त्या अर्ध्या तासाने? तुमच्या मुलीला तो अर्धा तास मिळेल का, हे मी कशी सांगू? आणि इथे कुणी तोच प्रश्न विचारला असता तर मी गेलेच असते का, याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

आईला त्या मंगळवारबद्दल अजून ठाऊक नाही. हे तुमच्या हाती पडण्याआधी तिला फोन करायचा आहे.