पाठ टाचणातला तिसरा रकाना

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांमुळे २०१५-१६ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात २० आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याचा सराव, आली. छात्राध्यापकांचा, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्यांचा, शाळेतला मुक्काम वाढला. पाठ टाचणाचा, म्हणजे तास घेण्याआधी लिहायच्या आराखड्याचा, नमुना मात्र अनेक ठिकाणी पूर्वीचाच राहिला. आमच्या विद्यापीठाने अभ्यासक्रमाच्या फेररचनेसाठी उपसमिती नेमली, तेव्हा तिच्या एका बैठकीत या विसंगतीवर अचानक बोट ठेवले गेले.

सकाळचा वेळ श्रेयांकांच्या वाटपात गेला. (अशा चर्चेत प्रत्येकाला आपापल्या विषयाचे महत्त्व नव्याने उमगते.) सूक्ष्म अध्यापनाचे (एकेका अध्यापन कौशल्याच्या छोट्या सरावाचे) ३६ मिनिटांचे चक्र ठेवावे की आटोपते घ्यावे, यावरही बराच खल झाला. जेवणानंतर नमुन्यादाखल मागवलेल्या पाठांच्या वह्या चाळायला घेतल्या. उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, फलकलेखन, सारे नीटनेटके. आणि ‘विद्यार्थी कृती’च्या दुसऱ्या रकान्यात मुलांची उत्तरे पाठाच्या आदल्या रात्रीच लिहून तयार.

एका वहीत मात्र त्या उत्तरांच्या शेजारी, समासात, हिरव्या शाईने काही लिहिलेले होते. पाठ आठवीच्या विज्ञानातला, ‘बल व दाब’. धारदार सुरीने भाजी सहज का चिरली जाते, या प्रश्नासमोर ‘क्षेत्रफळ कमी असल्याने दाब वाढतो’ हे अपेक्षित उत्तर होते. समासात नोंद होती: “धार लावून आणली म्हणून.” त्याखाली एका मुलीचा प्रश्न: “बोथट सुरीवर जोर दिला, तर टोमॅटो चिरत नाही, चिंबतो, मग जोर कुठे जातो?” आणि त्याखाली छात्राध्यापिकेने स्वतःसाठी लिहिले होते, ‘उद्या आधी सुरी आणि टोमॅटो, मग सूत्र.’ मार्गदर्शक प्राध्यापकांचा त्या पानावरचा शेरा होता, ‘समासात लिहू नये.’

मी ते पान सर्वांसमोर वाचले आणि टाचणात ‘वर्गात प्रत्यक्ष घडलेले’ असा तिसरा रकाना घालून त्याला गुण ठेवावेत, असे सुचवले. आमच्यातल्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी लगेच अडचण दाखवली: “मॅडम, आज दुसरा रकाना घरी बसून भरला जातो, उद्या तिसराही भरतील.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. गुण आले की वही परीक्षकासाठी लिहिली जाते, हे आम्ही सगळेच जाणतो. निमंत्रित मुख्याध्यापकांनी यावर तोडगा सुचवला की, शाळेतल्या विषयशिक्षकाने त्याच दिवशी त्या रकान्याखाली सही करावी. मात्र त्यासाठी त्यांच्या तासिकांतून वेळ काढून द्यावा लागेल, हेही त्यांनी बजावले. शाळांवर नवे काम लादताना त्यांना विचारायचे असते, हे आमच्या मसुद्यात तोवर कुठेच नव्हते.

माझे मत त्या दिवशी पक्के झाले की, घटकांची शीर्षके बदलून अध्यापक शिक्षण फारसे हलत नाही. छात्राध्यापक काय लिहितो आणि आपण त्यातल्या कशाला गुण देतो, ते बदलावे लागते. अभ्यास मंडळात तिसरा रकाना आणि विषयशिक्षकाची सही दोन्ही मान्य झाले. गुणांचा प्रस्ताव मात्र बाजूला पडला, कारण अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आधीच वाटून झाले होते, आणि आपल्या वाट्यातले दोन गुणही सोडायला कोणता विषय तयार होता?