कॅथरीन राणीचं चित्र छापायचं होतं

दिवाळी अंकासाठी इंग्लंडच्या जुन्या राजाराण्यांवर लिहिणार असाल, तर लेखाला बसण्याआधी चित्रांच्या परवानगीचं काम हाती घ्या. माझा लेख वेळेत झाला होता, संपादकांना आवडलाही होता. सगळं अडलं एका चेहऱ्यापाशी.

विषय होता कॅथरीन ऑफ ब्रॅगान्झा. आपल्याकडे ही बाई एका वाक्यात येते आणि जाते: तिच्या लग्नात पोर्तुगालनं मुंबई आंदण दिली. 1661 चा तह, 21 मे 1662 ला पोर्टस्मथला इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी लग्न, आणि मार्च 1668 मध्ये राजानं वर्षाला 10 पौंड भाड्यानं मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवली. तिथे मुंबईची गोष्ट पुढे सरकते आणि कॅथरीन मागे राहते. तिला मूल झालं नाही, नवऱ्याची अंगवस्त्रं दरबारात तिच्या डोळ्यांसमोर वावरत. 1678 मध्ये टायटस ओट्स नावाच्या खोट्या साक्षीदारानं तिच्यावर राजाला विष घालण्याच्या कटाचा आळ घेतला, तरी चार्ल्सनं तिला टाकलं नाही. उतारवयात लिस्बनला परतून भावाच्या आजारपणात तिनं पोर्तुगालचा कारभार पाहिला. एवढं वाचल्यावर वाचकाला ती दिसलीच पाहिजे, यावर मी ठाम होते.

लेखनाची साधनं घरबसल्या मिळाली. त्या काळचा लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याच्या रोजनिशीची एकोणिसाव्या शतकातली आवृत्ती, कंपनीच्या वखारींचा छापील पत्रव्यवहार, सगळं खुलं आहे.

चित्रासाठी इंग्लंडमधल्या एका संग्रहाच्या चित्रविभागाला लिहिलं. त्यांचा अर्ज भरताना पहिल्यांदा संताप आला. प्रकाशन पुस्तक की नियतकालिक? वार्षिक अंकाला रकानाच नाही. भाषांच्या यादीत मराठी नाही, ‘इतर’ निवडायचं. चित्र पाव पान, अर्धं पान की पूर्ण? आतल्या पानावर की मुखपृष्ठावर? किती प्रती, कोणत्या देशांत विक्री? आमचा अंक पुण्यातून निघतो, पण काही प्रती अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांकडे जातात. हे प्रामाणिकपणे लिहिलं आणि त्याच कारणानं दर जागतिक विक्रीचा लागला. तो आकडा माझ्या मानधनापेक्षा मोठा होता.

अव्यावसायिक वापरासाठी सवलत होती. पण अंकाला किंमत आहे आणि त्यात जाहिराती आहेत, म्हणून आम्ही व्यावसायिक. मराठी दिवाळी अंक कसा चालतो, जाहिराती कशासाठी घ्याव्या लागतात, हे मी सविस्तर लिहून पाठवलं. उत्तरात तोच अर्ज पुन्हा आला. नंतर तर प्रत्येक वेळी नवा माणूस उत्तर द्यायचा आणि आधीचा पत्रव्यवहार पुन्हा मागायचा. इकडे अंक छपाईला जायची तारीख जवळ आलेली, संपादक रोज विचारत होते, आणि मांडणीकारानं त्या पानावर रिकामी चौकट सोडून ठेवली होती.

मला सर्वात खटकलं ते हे, की चित्रकार सतराव्या शतकातच वारलेला. चित्रावर कुणाचाच हक्क उरलेला नाही, पैसे मागतात ते त्याच्या फोटोचे. नोव्हेंबर 2023 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयानं एका निकालात स्पष्ट केलं, की स्वामित्वहक्कासाठी कर्त्याची स्वतःची सर्जनशील निवड दिसावी लागते. जुन्या चित्राच्या हुबेहूब फोटोत अशी निवड कुठून येणार? मी हे विचारलं. त्यावर, मोठी फाइल हवी असेल तर आमच्या अटी मान्य करा, एवढंच उत्तर आलं. वाद घालायला वेळ नव्हता.

वाट सापडली ती वेगळीच. तैलचित्र एकच असतं, मुद्राचित्राच्या, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर छापलेल्या चित्राच्या, मात्र अनेक प्रती निघतात आणि त्या देशोदेशींच्या संग्रहालयांत पोचलेल्या असतात. विल्यम फेथॉर्ननं कॅथरीनचं चित्र ताम्रपटावर कोरलं होतं. डर्क स्तूप हा डच चित्रकार तर लिस्बनहून तिच्याबरोबरच इंग्लंडला आला आणि त्यानं तिच्या प्रवासाची अख्खी मालिका कोरली. ॲमस्टरडॅमचं रिक्सम्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन अशी संग्रहालयं हक्कमुक्त कलाकृतींच्या मोठ्या फाइली फुकट देतात, व्यावसायिक वापरालाही. तशा खुल्या धोरणाच्या एका संग्रहालयात मला तिचं मुद्राचित्र मिळालं आणि त्याच संध्याकाळी ते मांडणीकाराकडे गेलं. दोन्ही बाजूंना फुगवलेले केस, लंडनच्या दरबाराला विचित्र वाटलेला तो रुंद घेराचा पोर्तुगीज झगा. काळ्यापांढऱ्या रेषांत ती रंगीत चित्राहून जास्त ठसठशीत दिसते, असं माझं मत आहे.

फाइल उतरवतानाच संग्रहालयाचा नोंदक्रमांक लिहून ठेवा, श्रेयओळीत लागतो. छपाईच्या आकारात 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) भरतं का, तेही तिथेच पाहा.

तारखांचं सांगायचं राहिलं. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनी (ज्युलियन) दिनदर्शिका होती, पोर्तुगालमध्ये नवी (ग्रेगोरियन), दहा दिवस पुढे असलेली, म्हणून पोर्तुगीज साधनांत हेच लग्न 31 मे चं दिसेल. इंग्लंडमध्ये वर्षही 25 मार्चला बदलायचं. दुसऱ्या चार्ल्सच्या वडिलांचा, पहिल्या चार्ल्सचा, शिरच्छेद आपण 30 जानेवारी 1649 चा मानतो, तिथल्या तेव्हाच्या कागदांत 1648 असतं. चित्राखाली साल घालण्याआधी ते कोणत्या पद्धतीचं आहे हे तपासून घ्या.